परवानगी नाकारली, पण कोणाला?

वेबसाइटवरचा नोंदणीचा फॉर्म आपल्या लॅपटॉपवर बिनतक्रार चालतो. भरलेली नावं फाइलमध्ये जमा होतात, पाठवलेले फोटो ठरलेल्या फोल्डरमध्ये दिसतात. मग तीच स्क्रिप्ट, एक अक्षरही न बदलता, भाड्याच्या सर्व्हरवर चढवली जाते आणि पहिल्याच 'सबमिट'ला पीएचपी कुरकुरतं : 'फेल्ड टू ओपन स्ट्रीम : परमिशन डिनाइड'. एवढं दिसलं तरी नशीब म्हणायचं. बऱ्याच सर्व्हरवर चुका पडद्यावर दाखवायची सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते. तिथे फॉर्म 'धन्यवाद, आपली नोंद झाली' म्हणून मोकळा होतो आणि नोंद कुठेच झालेली नसते.

या दुखण्यावरचा सगळ्यांत लोकप्रिय उतारा तीन आकडी आहे : ७७७. कोणालाही विचारा, 'सीएचमॉड ७७७ मार, चालेल' असंच उत्तर येतं. आणि पंचाईत अशी की बहुतेक वेळा ते चालतंही. त्यातला सुरक्षेचा धोका पुढे येईलच, पण माझी पहिली तक्रार वेगळी आहे. सर्व्हरने परवानगी नाकारली ती नेमकी कोणाला, हा प्रश्न ७७७ विचारूच देत नाही. दार सताड उघडलं की बाहेर कोण उभं होतं याची चौकशी करायची गरजच उरत नाही. पुढच्या वेळी चूक दुसऱ्या रूपात आली की आपण पुन्हा तिथेच.

लॅपटॉपवर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे सगळं करणारा माणूस एकच असतो. फाइल तुम्ही लिहिली, पीएचपीचा अंगभूत चाचणी-सर्व्हर तुम्ही सुरू केला, म्हणजे स्क्रिप्ट तुमच्याच नावाने धावते. सर्व्हरवर मात्र किमान दोन पात्रं असतात. एफटीपीने किंवा एसएसएचने फाइली चढवणारं तुमचं खातं हे एक, आणि पाहुण्याने पान मागितल्यावर स्क्रिप्ट चालवणारा वेब सर्व्हर हे दुसरं. लिनक्सवर १०२४ च्या खालचं पोर्ट उघडायला रूटचे अधिकार लागतात. वेबचं नेहमीचं पोर्ट ८०, म्हणून अपाचीसारखा वेब सर्व्हर रूटच्या नावाने सुरू होतो. पण पाहुण्यांची कामं तो रूटच्या हाती ठेवत नाही. त्यासाठी कमी अधिकारांच्या वेगळ्या खात्यावर चालणाऱ्या पोरप्रक्रिया काढतो. डेबियन आणि उबुंटूवर या खात्याचं नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', रेड हॅटच्या घराण्यात 'अपाची'. फोल्डर तुमच्या मालकीचं आणि त्यात लिहू पाहणारा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' हा परका. सर्व्हरने त्याला अडवलं तर ती सर्व्हरची चूक कशी म्हणायची?

मग आपली स्क्रिप्ट कोणाच्या नावाने धावते ते शोधायचं कसं? 'पीएस' ही आज्ञा चालू असलेल्या प्रक्रिया मालकासह दाखवते. एसएसएच नसेल तर स्क्रिप्टमध्येच 'पॉझिक्स गेट-ई-यूआयडी' विचारून आलेला क्रमांक छापता येतो. इथे पीएचपीने एक खड्डा खणून ठेवला आहे. 'गेट करंट यूजर' नावाचं एक फंक्शन आहे, आणि नावावरून कोणालाही वाटेल की हवं ते हेच. प्रत्यक्षात ते स्क्रिप्टच्या फाइलचा मालक सांगतं, स्क्रिप्ट चालवणारा सांगत नाही. म्हणजे आपल्याला ज्या दोघांतला फरक शोधायचा आहे, त्यातला चुकीचाच माणूस ते पुढे करतं.

मी मुद्दाम 'क्रमांक' म्हटलं. लिनक्सच्या गाभ्याला नावं ठाऊक नसतात, तो आकडे ताडून पाहतो. डेबियनवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'चा क्रमांक ३३ असतो, तर अल्पाइन लिनक्सवर त्याच नावाचा ८२. डॉकर वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कंटेनरची प्रतिमा डेबियनवरून अल्पाइनवर नेली आणि डेटाचं फोल्डर जुनंच राहिलं, तर नाव तेच असूनही लिहिता येत नाही. कारण ८२ ला ३३ च्या घरात प्रवेश नाही.

आता आकड्यांकडे. परवानग्यांची ही पद्धत बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सची. १९७१ च्या पहिल्याच माहितीपुस्तिकेत 'सीएचमॉड' ही आज्ञा आहे. तेव्हा मालक आणि बाकीचे एवढेच भेद होते, 'गट' हा मधला वर्ग नंतर आला. आज प्रत्येक फाइलवर मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणं, लिहिणं आणि चालवणं या तीन परवानग्या नोंदलेल्या असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणून ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो, बाकीचे नुसतं वाचू शकतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. फारसं माहीत नसतं ते असं की गाभा या तीन आकड्यांची बेरीज करत नाही. येणारा मालक असेल तर पहिलाच आकडा लागू, विषय संपला. मालक नसून गटात असेल तर दुसराच आकडा. दोन्ही नसेल तर तिसरा. त्यामुळे एखाद्या फाइलवर ०७७ असेल तर जगाला मुभा आणि खुद्द मालकाला मज्जाव, असा अजब प्रकार होतो. रूटला मात्र वाचण्या-लिहिण्यात यातलं काहीच आडवं येत नाही. 'सुडो लावून चालवलं तर चालतं' या वाक्यातून म्हणूनच काही सिद्ध होत नाही. सुडो आज्ञा रूटच्या नावाने चालवतं, आणि त्याच्यासाठी दार बंदच नव्हतं.

माझ्या मते खरी गफलत फाइलपेक्षा फोल्डरच्या बाबतीत होते. फोल्डर म्हणजे नावांची यादी. शाळेचा हजेरीपट समजा. पटावरून एखाद्याचं नाव खोडायचं असेल तर पटावर लेखणी चालवायचा अधिकार लागतो, त्या मुलाची संमती लागत नाही. तसंच फाइल पुसायला फाइलवर नव्हे, फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते. नवी फाइल तयार करायला किंवा नाव बदलायलाही तीच. उलट, असलेल्या फाइलमध्ये मजकूर घालायला फोल्डरवर लिहिता येण्याची गरज नसते. 'जुन्या नोंदीत भर पडते, पण नवी फाइल बनत नाही' हे कोडं इथे सुटतं. आणि फोल्डरवरची 'चालवण्याची' परवानगी म्हणजे त्यातून पुढे जाण्याची मुभा. ती मार्गातल्या प्रत्येक फोल्डरवर हवी. शेवटच्या फोल्डरला ७७७ दिलं आणि त्याच्या आजोबा फोल्डरने वाट अडवली, तर ७७७ चा उपयोग शून्य.

हे अडखळणं उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीनंतर जास्त दिसू लागलं. तोपर्यंत नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर ७५५ ने बनत असे, म्हणजे परक्यालाही आत डोकावता येई. त्या आवृत्तीपासून ते ७५० झालं. निर्णय योग्यच होता. पण वेबसाइट आपल्या होम फोल्डरमध्येच ठेवायची सवय असलेल्यांचा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नव्या सर्व्हरवर उंबऱ्यालाच थबकला. अशा वेळी 'नेमआय मायनस एल' ही आज्ञा फार उपयोगी पडते. तिला पूर्ण मार्ग दिला की मुळापासून शेवटच्या फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानग्या ती एकाखाली एक मांडते. अडलेली पायरी लगेच नजरेत भरते. इतकी कामाची आज्ञा इतक्या कमी लोकांना ठाऊक असावी, याचं मला नेहमी नवल वाटतं.

फोल्डरच्या या स्वभावाचा सगळ्यांत चकवणारा नमुना म्हणजे एसक्यूलाइट. छोट्या वेबसाइटसाठी हा उत्तम डेटाबेस, सगळी माहिती एकाच फाइलमध्ये. ती फाइल लिहिता येईल अशी केली, वाचन सुरळीत झालं, पण पहिली नोंद घालताच 'अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल' किंवा 'ॲटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस'. फाइल तर उघडते आहे, परवानगी तर दिली आहे! पण व्यवहार अर्धवट तुटला तर मागे येता यावं म्हणून एसक्यूलाइट लिहिताना मूळ फाइलच्या शेजारी तात्पुरती जर्नल फाइल बनवतं. ती बनवायला फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार हवा. म्हणून डेटाबेससाठी वेगळं फोल्डर करून ते फोल्डरच स्क्रिप्टच्या खात्याला द्यायचं, हा सरळ मार्ग.

दुसरा नमुना 'काल चालत होतं'वाल्यांचा. कोणी काही बदललं नाही म्हणतात, तरी एका सकाळी लॉग लिहिणं बंद पडतं. बहुधा रात्री रूटच्या नावाने लावलेलं क्रॉनचं काम धावलेलं असतं आणि त्या दिवसाची लॉग फाइल वेब सर्व्हरच्या आधी त्यानेच जन्माला घातलेली असते. लाराव्हेलवाल्यांकडे हेच 'सुडो' लावून एखादी 'आर्टिझन' आज्ञा चालवल्याने होतं. जो फाइल निर्माण करतो तो तिचा मालक, आणि नव्या फाइलीला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते ठरवणाऱ्या यूमास्कनुसार, नेहमीच्या ०२२ नुसार, तिला ६४४ मिळतं. रूट लिहील, बाकीचे बघत बसतील. इथे ७७७ मारून आजचा दिवस निभावतो, उद्या रात्री रूट नवी फाइल बनवतोच. इलाज एकच : क्रॉनचं काम वेब सर्व्हरच्या खात्यानेच लावावं.

दोन खात्यांना एकाच फोल्डरमध्ये लिहायची खरोखर गरज असते तेव्हा गटाचा उपयोग करावा. तुमचं खातं आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' यांचा एक सामाईक गट, फोल्डर त्या गटाचं, आणि परवानगी २७७५. सुरुवातीच्या २ मुळे आत बनणारी प्रत्येक नवी फाइल त्याच गटाची होते. जोडीला यूमास्क ००२ हवा, नाहीतर नवी फाइल गटाला वाचायलाच मिळेल. आणि गटात नाव घातल्यावर वेब सर्व्हर पुन्हा सुरू करायला विसरू नये. चालू प्रक्रियेला तिचे गट सुरू होतानाच मिळालेले असतात, मागाहून केलेली भरती तिच्या कानावर जात नाही.

काही वेळा दोष सर्व्हरचा नसून आपल्या कोडचाच असतो. परवानगीचे आकडे अष्टमान पद्धतीतले, म्हणून पीएचपीत ०७५५ असं शून्य लावून लिहावं लागतं. शून्य गाळलं तर पीएचपी त्याला साधे सातशे पंचावन्न समजतं आणि त्याचं अष्टमान रूप होतं १३६३. त्यात मालकाला लिहिता येतं, पण वाचता येत नाही. ७७७ चं होतं १४११, त्यात मालकाच्या हाती नुसतं वाचन उरतं. उदार होऊन सगळ्यांना सगळं द्यायला निघालेला माणूस अशा तऱ्हेने सगळ्यांचंच काढून घेतो.

सामाईक होस्टिंगवर चित्र थोडं पालटतं. तिथे बहुधा 'सूएक्झेक' किंवा पीएचपी-एफपीएम यांच्या मदतीने प्रत्येक ग्राहकाची स्क्रिप्ट त्याच्या स्वतःच्या खात्याने चालवली जाते. म्हणजे लॅपटॉपसारखंच, पात्र एकच. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं. तिथे ७७७ नुसतं अनावश्यक नाही, उलट घातक ठरू शकतं. मालकाखेरीज कोणालाही लिहिता येईल अशी स्क्रिप्ट किंवा तिचं फोल्डर दिसलं की अपाचीचं सूएक्झेक ती चालवायलाच नकार देतं आणि पाहुण्याला '५००, इंटर्नल सर्व्हर एरर' दिसतं. जुना सल्ला ऐकून ७७७ करणाऱ्याची चालती साइट अशी बंद पडते.

मालक आणि चालवणारा एक असण्याची दुसरी बाजूही आहे. स्क्रिप्ट स्वतःचंच कोड बदलू शकते, म्हणजे तिच्यात भोक सापडलेला घुसखोरही बदलू शकतो. वर्डप्रेस अद्ययावत करताना कधी थेट काम करतं आणि कधी एफटीपीचा पासवर्ड मागतं, ते या फरकामुळेच. ते एक तात्पुरती फाइल बनवून पाहतं. तिचा मालक आणि वर्डप्रेसच्या फाइलींचा मालक एकच निघाला तर थेट, नाहीतर पासवर्ड. पासवर्ड मागणं ही त्रासदायक चूक आहे असं समजून लोक परवानग्या ढिल्या करतात. माझा कौल कोड एका खात्याचं आणि डेटा लिहिणारं खातं दुसरं, या जुन्या विभागणीलाच आहे. गैरसोय होते, पण घुसखोराचीही होते.

कधीकधी मालक बरोबर, आकडे बरोबर, वाटेतली प्रत्येक पायरी मोकळी, आणि तरीही 'परमिशन डिनाइड'. रेड हॅट, रॉकी किंवा फेडोरावर असाल तर संशय एसई-लिनक्सवर घ्यावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० मध्ये खुली केलेली ही दुसरी पहारेव्यवस्था. तिला मालक आणि आकडे यांच्याशी कर्तव्य नाही. ती प्रत्येक फाइलवरचं लेबल पाहते. 'एचटीटीपीडी सिस कंटेंट' लेबल असेल तर वेब सर्व्हरने वाचावं. लिहायचं तर 'एचटीटीपीडी सिस आरडब्ल्यू कंटेंट' हवं. नकाराचा शब्द दोन्ही व्यवस्थांचा एकच, म्हणून माणूस आकड्यांशीच झुंजत राहतो. त्यातून फाइल होम फोल्डरमधून 'एमव्ही'ने हलवली की जुनं लेबल सोबत येतं, 'सीपी'ने प्रत केली की नव्या जागेचं लागतं. वेब सर्व्हरचं खातं सुडोने घेऊन हाताने फाइल बनवून पाहिली तर ती बनते, कारण तुमच्या शेलवर वेब सर्व्हरचे निर्बंध नसतात. खरी नोंद ऑडिट लॉगमध्ये 'डिनाइड' शब्दाजवळ सापडते. 'एसई-मॅनेज'ने योग्य लेबलाचा नियम नोंदवून 'रिस्टोरकॉन' चालवलं की काम होतं. एसई-लिनक्स कायमचं बंद करून टाकणं हा ७७७ चाच मोठा भाऊ.

सगळेच नकार परवानगीचे नसतात हेही बघावं. 'नो स्पेस लेफ्ट' आलं आणि डिस्कवर जागा दिसत असेल तर 'डीएफ मायनस आय' चालवून आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपलेत का पाहावं. लाखो चिमुकल्या सेशन-फाइली साठल्या की ते संपतात. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' म्हणजे गाठ डिस्कशी आहे. आणि फाइल टेम्प फोल्डरमध्ये लिहिली गेली, तरी आपल्याला दिसत नाही, असं झालं तर सिस्टिम-डीने वेब सर्व्हरला त्याचं खासगी टेम्प दिलेलं असतं, फाइल तिथे सुखरूप आहे.

आता पहिल्या परिच्छेदातल्या खोट्या 'धन्यवाद'बद्दल. 'फाइल पुट कंटेंट्स' अपयशी ठरलं तर 'फॉल्स' परत करतं आणि स्क्रिप्ट पुढे चालू राहते. परत आलेलं उत्तर तपासायचं काम आपलं. काही जण तर त्याच्यापुढे '@' लावून इशाराही दाबतात. नोंदणीची मुदत संपल्यावर यादी रिकामी निघते तेव्हा सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नसतो, त्याने सांगितलेलं होतं. लिहिणं फसलं तर पाहुण्याला स्पष्ट सांगा आणि कारण एरर लॉगमध्ये जाऊ द्या.

७७७ चा धोका फोटोंच्या फोल्डरमध्ये सगळ्यांत जास्त. कोणालाही लिहिता येणारं फोल्डर, तेही वेबच्या मुळाखाली, आणि त्यात पीएचपी चालवायची मुभा. कोणीतरी फोटोऐवजी पीएचपीची फाइल चढवतं, ब्राउझरमधून तिचा पत्ता उघडतं आणि सर्व्हर ती इमानेइतबारे चालवतो. केवळ परवानग्या आवळून हे थांबत नाही, कारण फोटो घ्यायचे तर स्क्रिप्टला तिथे लिहावं लागणारच. म्हणून पाहुण्यांनी दिलेला डेटा शक्यतो वेबच्या मुळाबाहेर ठेवावा, ते जमत नसेल तर निदान त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणं बंद करावं.

तुमच्या हाती एखादा सर्व्हर असेल तर एक काम आजच करा. 'फाइंड' आज्ञेला 'टाइप डी' आणि 'पर्म'पुढे 'मायनस ०००२' द्या. कोणालाही लिहिता येणाऱ्या सगळ्या फोल्डरांची यादी येईल. त्यात टेम्प फोल्डर १७७७ सह दिसेल. ते तसंच असू द्या, त्या पहिल्या १ मुळे तिथे एकाची फाइल दुसऱ्याला पुसता येत नाही. पण वेबसाइटच्या मार्गावरचं जे जे फोल्डर दिसेल, त्याच्यात कोणतं खातं लिहितं ते आधी शोधा, फोल्डर त्या खात्याच्या नावावर करा आणि मग ७७७ चं ७५५ करा.